मी मेल उघडला, हे त्यांना कसं कळायचं

पुणतांब्याच्या मराठी शाळेत शिकले. त्यामुळे इंग्रजी मेल मला एका वाचनात कळत नाही, आणि हे मी कधी लपवलंही नाही. दोनदा वाचते, तिसऱ्यांदा पेन्सिल घेऊन मुद्दे उतरवते. एवढं केल्यावर जे कळतं ते पक्कं कळतं. सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत, पंपाच्या रबरी रिंगा बनवणाऱ्या कारखान्यात मी क्वालिटीत कामाला लागले, तेव्हाही माझी पद्धत हीच होती. त्यावरून कुणी मला कधी बोललं नव्हतं.

मग आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाईक कंपनीत तक्रारी बघायला एक नवे साहेब आले. पुण्यात बसायचे. त्यांचा मेल उघडला की पाचेक मिनिटांत माझा फोन वाजायचा.

"मॅडम, मेल वाचलात ना? मग उत्तर कुठाय?"

पहिल्यांदा वाटलं, योगायोग असेल. पण हे रोजचंच झालं. एकदा रविवारी सकाळी चर्चमधून घरी केडगावला येताना रिक्षात मोबाईलवर त्यांचा मेल नुसता उघडून पाहिला. सोमवारी ते म्हणाले, "काल सकाळीच वाचलात की, मग एक दिवस कशाला घालवलात?" माझ्या अंगावर काटाच आला. घरी कोण कोण आहे, मी कुठे जाते, हेही यांना दिसत असेल का, असं काहीबाही मनात यायला लागलं.

खरा घाव पुढच्याच आठवड्यात बसला. आमच्या कारखान्याच्या मॅनेजर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. पुण्याचे साहेब फोनवर होते आणि आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. "तुमच्या मॅडमनी माझा मेल सात वेळा उघडला. सात! वाचता येत नसेल तर दुसरं कुणी तरी बसवा." मॅनेजर साहेबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बाहेर आले आणि तडक बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. त्या दिवसापासून मी मेल एकदाच उघडायचा, घाईघाईने सगळा वहीत उतरवून घ्यायचा आणि बंद करायचा, असं सुरू केलं. उतरवताना एकदा एक माप चुकलं, पुन्हा बोलणी खाल्ली.

मेल वाचल्याची पोच मागायची एक सोय असते, ती मला माहीत होती. मी तपासलं. त्यांनी पोच मागितलेली नव्हती. मग कळतं कसं?

उलगडा झाला तो इंटरनेट बंद पडल्यामुळे. रस्त्याच्या खोदकामात कुठेतरी केबल तुटली होती. सकाळी आलेला त्यांचा मेल माझ्या कॉम्प्युटरवर आधीच उतरला होता. तो उघडला. त्यांच्या सहीखाली कंपनीचं चिन्ह असायचं, त्या जागी फुलीची रिकामी चौकट दिसली. नेट नाही म्हणजे चित्र नाही, हे समजण्यासारखं होतं. पण त्याच्याही खाली, जिथे एरवी कोरी जागा असायची, तिथे आणखी एक चौकट होती. तांदळाच्या कणीएवढी. इथे कसलं चित्र?

मेल उघडाच ठेवला. फोन आला नाही. जेवणाची सुट्टी झाली, तरी नाही. दुपारी नेट आलं, तोच मेल मी पुन्हा उघडला. चिन्ह आलं, खालची चौकट गायब झाली आणि चारच मिनिटांत फोन वाजला. मी तो उचललाच नाही. ते जिथून डोकावत होते, ती फट मला सापडली होती.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, डबा बाजूला ठेवून, मेलच्या प्रोग्रॅममधली मदतीची पानं वाचत बसले. माझ्या पद्धतीने, तीन तीन वेळा. मेलमध्ये काही चित्रं आतच असतात आणि काही बाहेरून, पाठवणाऱ्याच्या कॉम्प्युटरवरून आणली जातात. आपण मेल उघडला की आपला प्रोग्रॅम ते चित्र मागायला जातो, आणि मागितलं की तिकडे नोंद होते: यांनी उघडला, अमुक वाजता, इतक्यांदा, साधारण अमुक भागातून. त्यासाठी डोळ्यांना न दिसणारा ठिपकाही पुरतो. प्रोग्रॅम खरं तर अशी चित्रं आपणहून अडवतो. पण माझ्या आधी त्या टेबलावर बसणाऱ्या कुणीतरी, चौकटी दिसतात म्हणून कंटाळून, तो अडसर काढून टाकला होता. गोपनीयतेच्या पानावर एक खूण करायची होती: बाहेरची चित्रं विचारल्याशिवाय आणू नका.

मी खूण केली. मोबाईलवरही तेच केलं. मग त्यांचा मेल उघडला आणि सावकाश, चवीने, चार वेळा वाचला. फोन गप्प. संध्याकाळी मुद्देसूद उत्तर पाठवलं, तेव्हा कुठे त्यांचा फोन आला.

"मॅडम, तुम्ही मेल उघडलाच नाही आणि उत्तर कसं दिलंत?"

"वाचल्याशिवाय उत्तर देता येतं का साहेब?" मी म्हटलं.

एक अडचण मात्र झाली. खराब रिंगांचे फोटोही ते बाहेरूनच जोडायचे, त्यामुळे तिथेही मला चौकटीच दिसू लागल्या. "चित्रं दाखवा" म्हणावं तर त्यांच्यासोबत तो ठिपकाही येणार. मी त्यांना लिहिलं की फोटो वेगळी फाइल म्हणून जोडा. ते फोनवर म्हणाले, "तुमच्या सेटिंगमध्ये प्रॉब्लेम आहे." मी म्हटलं, "सेटिंग मीच केलंय आणि ते बरोबर आहे." दोन दिवस अडून बसले, मग फाइल आली. ज्या प्रयोगशाळेतून आमचे चाचणीचे आलेख येतात, तिचा पत्ता मी विश्वासातल्या यादीत घातला. तिचे आलेख पूर्वीसारखे दिसत राहिले.

पुढच्या महिन्यात पुण्याचे साहेब पाहणीला आले, सोबत त्यांच्या वरच्या अधिकारी बाई. बैठकीत साहेबांनी सुरुवातच केली, "या मॅडम मेल उघडत नाहीत." मी फाइल पुढे सरकवली. त्यांची प्रत्येक तक्रार, माझं उत्तर, रिंगेचं माप, फोटो, सगळं क्रमाने लावलेलं. बाई पानं उलटत होत्या. हे गिऱ्हाईक गेलं तर खापर माझ्यावर फुटणार, हे मला दिसत होतं. तरी विचारलं.

"साहेब, मी मेल उघडते की नाही, हे तुम्हाला कुठून कळतं?"

ते म्हणाले, "तसं एक टूल आहे. सगळेच वापरतात."

बाईंनी पान उलटायचं थांबवलं. "आपल्या कंपनीने दिलंय का ते?"

"नाही, मी घेतलंय."

"यांना सांगितलं होतंत?"

साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि तसाच खाली ठेवला. बाई म्हणाल्या, "आजच काढा." मग माझ्याकडे वळल्या, "इतकी नीट उत्तरं मला एकाही सप्लायरकडून येत नाहीत. तुम्ही वेळ घ्या, पण हे असंच लिहीत जा." मॅनेजर साहेब त्यावर मोठ्यांदा म्हणाले, "आमच्या मॅडम बारकाईने वाचतात." केबिनमधल्या त्या दिवसाबद्दल ते कधी बोलले नाहीत, पण हे वाक्य सगळ्यांसमोर बोलले.

त्याच आठवड्यात शनिवारी त्यांनी मला ट्रेनिंग हॉलमध्ये उभं केलं. ऑफिसचे सगळे समोर, पडद्यावर माझा कॉम्प्युटर. मी मराठीतच बोलले. कुठली खूण करायची, कुणाला विश्वासाच्या यादीत घ्यायचं, अनोळखी मेलमध्ये चित्र उघडण्याआधी काय बघायचं. मग एकेकाने पुढे येऊन त्याच कॉम्प्युटरवर आपापला मेल उघडून करून बघितलं. स्टोअरचे काका निवृत्तीला आलेले, चष्मा कपाळावर. त्यांनी स्वतःच माऊस धरला, खूण केली आणि एक जाहिरातीचा मेल उघडला. पडद्यावर नुसत्या चौकटीच चौकटी.

"आता ह्येला न्हाई ना कळत, मी बघितलं त्ये?"

"नाही कळत, काका."

"व्हय? मग लई बेस!" काका खुर्चीत मागे रेलून मोठ्याने हसले, आणि त्यांच्याबरोबर सगळा हॉल.