शिजेना ती तूरडाळ

नांदेडच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत दीपमालाची उमेदीची वर्षं गेली. गावोगावच्या पाण्याच्या बाटल्या यायच्या, ती क्षार मोजायची, अहवाल लिहायची आणि अहवाल फायलीत जाऊन झोपायचे. समोर प्रेक्षकच नाही, अशा रंगमंचावर माणसानं उभं तरी किती राहावं? एकदा टाकी कशी धुवावी, याचा छोटा व्हिडिओ तिनं मोबाईलवर टाकला. तो कंधार-भोकरपर्यंत फिरला, अनोळखी बायका प्रश्न विचारू लागल्या. दीपमालाला गोडी लागली. नोकरी सोडून तिनं सोशल मीडियावर लोकांच्या मालाची जाहिरात करायचं काम धरलं.

"एमेस्सी करून डाळ विकती का आता?" आई, केवळाबाई, म्हणाली.

"विकणारे दुसरे हायत. मी दाखवणारी."

विकणारे म्हणजे लातूरचे डाळमिलवाले माणिकप्पा. तिचं पहिलं गिऱ्हाईक, आणि खरं सांगायचं तर एकुलतं एक. ते टिकले तर हा धंदा टिकणार. नाहीतर प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी तिची खुर्ची अजून रिकामी ठेवली होती.

माणिकप्पांची तूरडाळ किती लवकर शिजते, ते लाइव्ह दाखवायचं ठरलं. ओट्यावरचा पिण्याच्या पाण्याचा निळा जार चित्रात ओंगळ दिसत होता. दीपमालानं तो बाजूला सारला आणि घासून लखलखीत केलेला तांब्याचा हंडा नळाखाली भरून मांडला. केवळाबाई ठेवणीतली साडी नेसून गॅसपाशी उभी राहिली. तिसरी घंटा झाल्यासारखी दीपमाला मोबाईलसमोर आली.

हंड्यातल्या पाण्यात डाळीला उकळी फुटली, फेस आला, ओसरला. दीपमाला मिलबद्दल बोलली, तुरीबद्दल बोलली, लातूरजवळच्या मुरुडच्या बाजाराबद्दलही बोलली. बोलायचं सगळं संपलं, तरी दाणा बोटानं दबेना.

"दीपे," केवळाबाई म्हणाली, "ही काय आज शिजत न्हाई. लोकांला म्हणावं, जेवून घ्या."

बघणारे पोट धरून हसले. माणिकप्पांचा फोन आला.

"ताई, बापाच्या नावाची मिल हाय माझी. खडे विकतो म्हणून नाव झालं की. ऱ्हाऊ द्या आता."

"अप्पा, उद्या एकदा करू."

"उद्या काय तिला दया येणार हाय?"

"तेवढा एक दिवस द्या."

"बघा," म्हणत त्यांनी फोन ठेवला. दीपमाला पातेलं घासायला बसली आणि थबकली. कडेला पांढरं पुट धरलं होतं. तिनं ते नखानं खरवडलं आणि कपाळाला हात लावला.

"आई, नळाला बोअरचं पाणी हाय ना?"

"मग काय गंगेचं? रोज जारच्या पाण्यात शिजवती की मी. आज साडीच्या नादात ध्यानच न्हाई राहिलं."

दुसऱ्या दिवशी डाळ एकच, पातेली दोन. एकात बोअरचं पाणी, दुसऱ्यात जारचं. निळा जार मधोमध.

"काल चूक डाळीची नव्हती, माझी होती," दीपमाला म्हणाली. "जन्मभर पाणी तपासलं आणि काल पाणीच बघितलं न्हाई."

जारच्या पाण्यातली डाळ लोण्यासारखी मऊ झाली. शेजारची तशीच टणक. जड पाण्यातले क्षार दाण्याला मऊ होऊ देत नाहीत, हे तिनं साध्या शब्दांत सांगितलं. बायकांचे निरोप येऊ लागले: आमच्यात बी असंच होतं, आम्ही उगंच दुकानदाराला शिव्या देत होतो. ही डाळ कुठं मिळते, असंही पुष्कळांनी विचारलं.

त्या आठवड्यात दीपमालानं सरांना फोन करून खुर्ची दुसऱ्याला द्यायला सांगितली.

माणिकप्पा स्वतः नांदेडला आले, कडक इस्त्रीच्या कपड्यांत. सरळ मोबाईलसमोर बसले.

"आता हरभऱ्याची डाळ घ्या. आज मी बोलतो. कुठं बघायचं?"

"माझ्याकडं बघा, अप्पा. मोबाईलकडं मी बघते."

मिलमध्ये आवाजानं छप्पर हलवणाऱ्या माणसाच्या तोंडून शब्द फुटेना. पहिला प्रवेश तो. दीपमालानं घाई केली नाही. शेवटी त्यांनी घसा खाकरून स्वतःचं नाव सांगितलं, आणि ती मान डोलावत राहिली.