तापलेलं सोनं आणि माझा सिद्धान्त

नव्वदचं दशक संपत आलं होतं. एम.एस्सी.ची तोंडी परीक्षा उद्यावर आलेली, पास-नापास सगळं प्रोजेक्टवर. अशा वेळी शहाणा मुलगा उजळणी करतो. मी नाशिकच्या कॉलेजात बसून शोध लावला.

सोन्याच्या पातळ पापुद्र्यातून इलेक्ट्रॉन पाठवले, तर पलीकडे ठिपके कसे उमटतील, हे मला कॉम्प्युटरवर काढायचं होतं. सोनं तापलं की अणू जास्त थरथरतात, ठिपक्यांतले इलेक्ट्रॉन इकडेतिकडे विखुरतात आणि ठिपके फिके पडतात. ही गळती गणितात शोषण म्हणून धरायची. पण माझ्या आलेखात सोनं जितकं तापेल, तितके ठिपके झळझळीत! मग मी सिद्धान्तच रचला, की उष्णतेनं इलेक्ट्रॉनांना जोर चढतो. आरशासमोर तो घोकलाही.

आमच्या गाईड मॅडम पिंपळगावच्या द्राक्षबागायतदारांच्या घरातल्या. आलेख बघून त्यांनी चष्माच काढला.

“शंभर आत गेले आणि दीडशे बाहेर आले?”

“तेच तर नवीन आहे, मॅडम!”

“अरे, आमच्या कोल्ड स्टोरेजमधून माल निघतो तेव्हा घट येते. तुझं सोनं व्यालं की काय? शोषणाचं चिन्ह बघ आधी.”

बघितलं. उणेच्या जागी अधिक. माझं सोनं इलेक्ट्रॉन गिळायचं सोडून वाटत सुटलं होतं! चिन्ह बदललं, संध्याकाळपर्यंत नवे आलेख निघाले आणि मी निश्चिंत झोपलो.

सकाळी बाहेरगावच्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न टाकला, “तापवल्यावर ठिपके फिके का पडतात?”

“पडत नाहीत, सर. उजळतात! उष्णतेनं इलेक्ट्रॉनांना जोर...”

मॅडमना जोराचा ठसका लागला.

“मग हा उतरता आलेख कुणाचा?”

“माझाच, सर.”

“मग तुम्ही भांडताय कुणाशी?”

माझे कान तापले. म्हटलं, आता लपवून काय उपयोग! चिन्हाची सगळी कथा सांगून टाकली. सर पोट धरून हसले, पण सोडलं नाही. “बरं, ठिपक्यांतून कमी झालेले इलेक्ट्रॉन गेले कुठे?”

“ठिपक्यांच्या मधल्या जागेत, सर. धुक्यासारखे पसरतात. आपण नुसते ठिपके मोजतो, म्हणून ते हरवल्यासारखे वाटतात.”

“हे आधीच का नाही बोललात?”

“आधी दुसरं पाठ होतं, सर.”

बाहेर व्हरांड्यात मॅडमनी गाठलं. “पास झालास. तो सिद्धान्त मात्र कुठं बोलू नकोस. प्रोजेक्टवर माझंही नाव आहे, बाबा!”