वरून पाणी पिणं बंद

गळ्यातली थायरॉईडची गाठ काढली अन् माझा आवाज गेला. लातूरच्या घशाच्या डॉक्टरांनी नाकातून कॅमेरा घालून बघितलं. म्हणाले, नस दुखावलीय, डावा स्वरतंतू हलत न्हाई. व्यायाम करा, वाट बघा.

मी तिथंच एका क्लासमध्ये अकरावीला बायोलॉजी शिकवायचे. क्लासचे सर म्हणाले, दिवाळीपर्यंत जागा ठेवतो, पुढं दुसरी मॅडम बघावी लागंल. त्यांचं तरी काय चुकलं? फुसफुस आवाजात पोरं काय शिकणार!

मग उदगीरला घरी आले. दुष्काळाचं साल, टँकरवर सगळं. अण्णा अन् शेजारचे काका रोज भांडायचे, उदगीर जिल्हा होणार का न्हाई यावर. घरात सगळ्यात मोठा आवाज माझा, अन् मी नुसती मान हलवत बसायचे. काका अण्णांना म्हणाले, "पोरगी पहिल्यांदाच माझं ऐकायलीय."

व्यायाम रोज करायचे. हात भिंतीला रेटून लांब आऽऽ काढायचा. पण पाणी पिलं की ठसका, ठसक्यानं घसा सोलून निघायचा, मग त्या दिवशी व्यायाम बंद. आवाज हाय तिथंच. मी पाणीच कमी केलं. टंचाईत कुणाला वावगं वाटलं न्हाई.

लातूरला आवाजाचे व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमना ठसक्याचं सांगितलं, तर त्यांनी पुढं ग्लास ठेवला, पिऊन दाखव म्हणाल्या. मी मान मागं टाकली अन् वरून धार सोडली. लगेच ठसका.

"अगं, असं का पितीस?"

"आमच्यात सगळेच पितात."

घरात एकच तांब्या फिरायचा. तोंड लावलं की उष्टा, अन् धुवायला पाणी कुठलं? मॅडम म्हणाल्या, तुझा स्वरतंतू मिटत न्हाई, मान मागं टाकली की पाणी श्वासनळीत जातं. ग्लासला तोंड लाव, हनुवटी खाली, छोटा घोट. तसं पिले. ठसका न्हाई!

आईनं मला वेगळा ग्लास काढून दिला. ठसके थांबले, व्यायाम रोज व्हायला लागला. आवाज आधी चिरका आला, मग जाडसर. डावा स्वरतंतू अजून हलत न्हाई, उजवाच सरकून त्याला टेकतो, असं डॉक्टर म्हणाले.

दिवाळीच्या आधी क्लासला गेले. सर शेवटच्या बाकावर बसले, म्हणाले, हृदय शिकवा. पंखा चालू होता. मी डाव्या कप्प्यापर्यंत पोचले तेव्हा ते उठले.

"माईक लावावा लागंल. अन् मोठी बॅच न्हाई, दुपारची घ्या."

दुपारची म्हणजे रिपीटरची, परीक्षा पुन्हा देणारी चार टाळकी. मी हो म्हणाले.