रुपरावाने मुकादमी सोडली

नागपुरात इतवारीच्या मागच्या अंगाला कोष्ट्यांची एक गल्ली आहे. मारुतीच्या देवळापासून विहिरीपर्यंत ती अशी सरळ जाते, की कोणी दोरी धरून आखली असावी. तिच्या सरळपणाला कारण आहे. मागावर विणायला बसण्याआधी सुताचा ताणा, म्हणजे उभे धागे, लांबच्या लांब पसरावा लागतो, त्याला खळ लावावी लागते, आणि एवढी लांबी कोणाच्याच घरात नसते. म्हणून बापजाद्यांनी आधी रस्ता सरळ ठेवला आणि मग त्याच्या दोन्ही बाजूंना घरं बांधली.

उजेड फुटता फुटता ताणा रस्त्यावर येतो. माणसं दोन्हीकडून उभी राहतात, कुंचे ओढतात, एकमेकांना चिकटलेले धागे बोटांनी सोडवतात. खळ वाळायच्या आत सगळं आटपावं लागतं. याला पांजणी म्हणतात, आणि ही एका घराने करायची गोष्ट नाही, सगळी गल्ली हात लावते. त्यामुळे गल्लीचा कायदा ठरलेला. रस्ता आज या घराचा, उद्या शेजारच्या घराचा, देवळाकडून विहिरीकडे. आपल्या पाळीला आपण उभं राहायचं. आजार असो, भांडण असो. चुकली पाळी, की सगळा फेरा संपेपर्यंत बसा.

या गल्लीत रुपराव धकाते जन्मला. बापाचा माग घरात होता, पण मागावर पोट भरेना तशी गल्लीतली तरणी माणसं एकेक करून गिरणीत गेली, त्यांच्यात तोही गेला. हात चांगला, बोलणं कमी, त्यामुळे साहेबाच्या डोळ्यांत भरला. देश स्वतंत्र झाला त्याच्या आगेमागे तो विणाई खात्याचा मुकादम झाला. गल्लीने देवळात नारळ फोडला. आपला माणूस फाटकावर उभा राहणार होता.

फाटकावर उभं राहणं म्हणजे काय, ते मात्र रुपरावाला उभं राहिल्यावर कळलं.

कायमचे कामगार सरळ आत जात. उरलेले बदलीवाले. कोणी गैरहजर असेल त्याच्या जागेवर एका दिवसापुरतं काम मिळेल या आशेने ते फाटकाबाहेर दाटी करत. जागा थोड्या, माणसं फार. मुकादमाने त्यांच्यातून चालत जायचं आणि ज्याला घ्यायचं त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. हात पडला तो आत गेला. नाही पडला तो भाकरीचं फडकं तसंच बांधलेलं घेऊन घरी वळला. रुपराव गर्दीत शिरला की खांदे पुढे येत. ज्यांनी त्याला लहानपणी कडेवर घेतलं होतं त्यांचे खांदे, ज्यांच्या वरातीत तो नाचला होता त्यांचे खांदे. तोंडाने कोणी काही बोलत नसे. नुसते खांदे पुढे येत.

दुसरे मुकादम यातून खात. रुपरावाने कोणाची विडीसुद्धा घेतली नाही. पण त्याने काय फरक पडतो? ज्याच्यावर हात पडला नाही त्याची बायको विहिरीवर त्याच्या सात पिढ्या काढायचीच. घरी तो नीट जेवेना. सकाळी भोंगा व्हायच्या आधी मोरीवर वाकून ओकू लागला.

"आजही?" सुभद्रा, त्याची बायको, तांब्या घेऊन मागे उभी राही. "पोटात काही नाई, तरी ओकूनच राहिले तुमी."

"सुभद्रे, सोडू का वं मी हे? माग हाये ना घरी."

"हाये. त्याच्यावर उंदरं विणतात सध्या." ती पदराने त्याचं तोंड पुसे. "गिरणीचा पगार अन् मागाची कमाई एक हाये का? शामलीले शाळेत टाकली तुमीनंच. तिले काय सांगू, बाप खांद्याले भेला म्हून?"

तो हसे आणि बिल्ला लावून निघे. असं बरंच चाललं.

मग त्याला एक युक्ती सुचली. तिच्यात कपट नव्हतं, आणि तिनेच घात केला. आपल्या गल्लीतल्या बदलीवाल्यांसाठी त्याने पांजणीचाच कायदा फाटकावर नेला. आज देवळाजवळचं घर, उद्या त्याच्या पुढचं, असं विहिरीपर्यंत. निवडायचं नाही, पाळीवर हात ठेवायचा. गल्ली खूश झाली. विहिरीवरच्या शिव्या थांबल्या. रुपराव पहिल्यांदा पोटभर जेवला.

चंद्रभानची पाळी आली ती पावसाळा सरता सरता. गल्लीत घरोघरी ताप होता. चंद्रभान हडकुळा माणूस, तोंडाने कधी कुरकुर न करणारा. त्या सकाळी तो फाटकावर डोक्याला फडकं गुंडाळून उभा होता. रुपरावाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि सदऱ्यातून त्याच्या तळव्याला चटका बसला.

क्षणभर हात तिथेच राहिला. चंद्रभानने डोळे वर केले. त्या डोळ्यांत एकच गोष्ट होती: माझी पाळी आहे. परत पाठवलं तर फेरा संपेपर्यंत पुन्हा नाही. कायदा दोघांनाही ठाऊक होता, दोघंही त्याच गल्लीत वाढले होते.

रुपरावाने हात उचलला आणि पुढच्या खांद्याकडे गेला. चंद्रभान आत गेला.

दुपारी साच्यापाशी, गिरणीच्या मागापाशी, उभ्या उभ्या त्याला घेरी आली. आधाराला त्याने हात टाकला तो फिरत्या पट्ट्यावर. लोक धावले, पट्टा थांबवला, पण थांबवेपर्यंत सगळं होऊन गेलं होतं.

दहावं-तेरावं झालं. एका दुपारी चंद्रभानची बायको वच्छला रुपरावाच्या दाराशी आली. आत ये म्हटलं तरी आली नाही. उंबऱ्याबाहेर बसली.

"भाऊजी, एकच गोष्ट पुसाले आली. त्याहिच्या खांद्यावर हात ठेवला तुमी, तवा आंग तापलं होतं का?"

आतल्या दारातून सुभद्रा डोळ्यांनी नाही, नाही म्हणत होती. रुपरावाने तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"होतं वं वच्छला. चुलीवानी तापलं होतं."

वच्छला गुडघ्यावर हात देऊन उठली. "सकाळी मी म्हटलं त्याहिले, जाऊ नोका. त म्हणे, रुपराव हात लावन त त्याले समजनच. तो वापस पाठवन, मंग मी तरी काय करू?" एवढं बोलून ती गेली. रडली नाही, शिवीही दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून रुपरावाचं एकच चाललं. सोडायचं का राहायचं. बसताना तेच, उठताना तेच. सुभद्रा आता पगाराचं बोलेनाशी झाली होती, आणि तिचं ते गप्प राहणं त्याला पगाराहून जड वाटे.

तो सोडणार ही गोष्ट गल्लीत फुटली. एका संध्याकाळी माणसं त्याच्या ओट्यावर जमली. पुढे बाबनराव, गल्लीतला सगळ्यांत वडीलधारा कोष्टी. त्याचे दोन्ही मुलगे बदलीवाले.

"रुपराव, मी आयकून राहिलो ते खरं का?"

"काय आयकलं बाबनकाका?"

"का तू मुकादमी सोडून राहिला म्हून."

"सोडाव म्हन्तो."

"म्हन्तो! एक डाव दूध नासलं म्हून गाय सोडते का गा कोणी?"

"माणूस मेला काका. दूध नाई नासलं."

"मेला. मीनंच त्याले खांदा देल्ला." म्हाताऱ्याचा आवाज खाली आला. "पण बाकीचे जिते हायेत ना बापा. तू गेला त तिथं परका येईन. त्याले आपलं देऊळ कुठं, विहीर कुठं, काय ठाव? तो आपल्या गावचे पोट्टे भरन. आपल्या गल्लीनं काय करावं?"

मागून भैयाजी, जो कोणत्याही मयतीत एक तरी विनोद करणार, तो म्हणाला, "शिव्याले भेते तो! अबे, शिव्यानं आंगाले भोकं पडतात का? आमी देत जाऊ, तू खात जाय. पगारात पकड."

दोघे-तिघे हसले. रुपरावही हसायला गेला, पण ते हसू ओठांवर येऊन वाळून गेलं.

"शिव्याचं नाई गा भैयाजी. माह्या हाताले समजलं होतं."

उठताना बाबनराव एवढंच म्हणाला, "तुह्या एकट्याच्या हाताचा हिशेब नोको करू रुपराव. त्या हातावर आमचे तवे हायेत."

दुसऱ्या दिवशी रुपराव फाटकावर गेला तो राहायचं ठरवूनच. तवे त्याच्या डोक्यात बसले होते. गर्दीत शिरला. खांदे पुढे आले. पाळी कोणाची हे त्याला पाठ होतं. पण हात उचलेना. त्याने उचलायचा प्रयत्न केला, तो कमरेपर्यंत आला आणि थांबला. लोकांना वाटलं, आज मुकादम विचार करतो आहे. मग वाटलं, रागावला आहे. भैयाजीने आपला खांदा त्याच्या छातीला लावला. "ठेव ना गा. पाळी माही हाये." तेवढ्यात भोंगा झाला. फाटक लागलं. त्या दिवशी विणाई खात्यात एकही बदलीवाला आत गेला नाही. साचे रिकामे राहिले आणि भाकरीची फडकी बांधलेलीच परत गेली.

साहेबाने आत बोलावून विचारलं, "हात मोडला काय तुझा?"

"मोडला जी," रुपराव म्हणाला. त्याने बिल्ला काढून टेबलावर ठेवला.

बाबनराव म्हणाला तसंच झालं. नवा मुकादम परगावचा आला, आणि ज्याने त्याच्या हातावर काही ठेवलं त्याच्याच खांद्यावर त्याचा हात पडू लागला. गल्लीतली माणसं जात, उभी राहत, परत येत. थोड्या दिवसांनी त्यांनी जाणंही सोडलं. विहिरीवर आता रुपरावाला कोणी शिव्या देत नव्हतं. सुभद्रा आली की बाया घागरी उचलून बाजूला होत, एवढंच.

त्याने बापाचा माग झाडला, दोऱ्या बदलल्या, इतवारीतून सूत आणलं. लुगड्यांचा पूर्ण लांबीचा ताणा तयार केला. त्याच्या घराची पांजणीची पाळी आली त्या पहाटे नवरा-बायकोने ताणा देवळापासून ओढत आणला, खुंट्यांना बांधला, खळ लावली आणि कुंचे घेऊन उभे राहिले. एक या टोकाला, एक त्या टोकाला. मधे सगळा रस्ता.

कोणी आलं नाही.

दारं उघडी होती. माणसं ओट्यांवर बसलेली होती. भैयाजी विडी ओढत होता. रुपरावाने पाहिलं तसं त्याने तोंड भिंतीकडे केलं. वच्छला आपल्या दारात उभी होती. तिने पाऊल उचलल्यासारखं केलं, मग आत गेली. ऊन वर येऊ लागलं. रुपराव आणि सुभद्रा या टोकाकडून त्या टोकाकडे पळू लागली. इथले धागे सोडवावेत तर तिथले चिकटत. ओल्या सुताचा रंग वाळून फिका पडू लागला.

"मेले काय सारे?" सुभद्रा रस्त्यात उभी राहून ओरडली.

बाबनराव आपल्या दारातून म्हणाला, "मेलो नाई वं सुनबाई. बसून हावो. कामच कुठं हाये आता?"

ऊन चांगलं तापेपर्यंत अर्धा ताणा काठीसारखा कडक झाला होता. रुपरावाने तो भाग कापून काढला. कापताना सुभद्रा त्याच्याजवळ नव्हती. मोरीवर बसून ती खळीचे हात धूत होती आणि ते धुऊन होत नव्हते.

त्यानंतर रुपरावाने लुगडं कधी विणलं नाही. दोघांच्या हाताला झेपेल एवढाच, अंगणात मावेल एवढाच ताणा तो करी, आणि त्यावर पंचे विणी. पंच्यांना लुगड्यांचा भाव कोण देणार? शामलीला शाळेतून काढली. ती सुताच्या कांड्या भरायला आईजवळ बसली. सकाळचं ओकणं थांबलं, एवढी एकच गोष्ट त्याच्या पदरात पडली.

पण एक गोष्ट त्याने सोडली नाही. गल्लीत ज्या घराची पांजणी असेल तिथे तो उजाडायच्या आत कुंचा घेऊन हजर होई. कोणी ये म्हणत नसे. कोणी जा म्हणत नसे, कारण ओल्या ताण्यावरून माणसाचा हात हाकलायचा नाही हेही गल्लीत ठरलेलं. तो गप उभा राही, कोणी न सोडवलेले धागे सोडवी आणि काम झालं की घरी येई.

"कायले जाता?" सुभद्रा चिडून म्हणे. "आपल्या ताण्यावर कोणी आला का? लाज हाये का काही?"

"त्याहिचा राग त्याहिच्याजवळ," तो म्हणे. "मी कोष्टी हावो ना?"

अशी वर्षं गेली. नागपूरची राजधानी गेली, गल्लीत विजेचे खांब आले. एका हिवाळ्यात बाबनरावाच्या घरची पांजणी होती. म्हातारा आता काठी घेऊन चालत होता, तरी ओट्यावर बसून सूचना देत होता. काम झालं. एरवी लगेच घरी वळणारा रुपराव त्या दिवशी थांबला. पांजणी झाली की ज्याच्या घरची ती, त्याने हात लावणाऱ्या प्रत्येकाला गूळ-फुटाणे द्यायचे असतात. ते हातावर घ्यायचे असतात; ज्याच्या हातावर पडले तो गल्लीतला. बाबनराव परात घेऊन एकेकाच्या ओंजळीत घालत आला. रुपरावापाशी आल्यावर तो थांबला. रुपरावाने खळीने पांढरी झालेली ओंजळ पुढे केली.

म्हाताऱ्याने ओंजळीकडे पाहिलं. मग परातीतला एक खडा गूळ आणि मूठभर फुटाणे ओट्याच्या कडेवर ठेवले आणि पुढे गेला.

गल्ली पाहत होती. समोरच्या दारातून सुभद्राही पाहत होती. तिने मान हलवली, उचलू नका म्हणून.

रुपरावाने ओंजळ मिटली. हात धोतराला पुसले. ओट्याच्या कडेवरचा गूळ उचलला, फुटाणे उचलले, आणि सगळ्यांसमोर उभा राहून, सावकाश चावून, ते खाल्ले.