आबांना सरकायला सांगणारं कोणीतरी

भुताखेतांच्या गोष्टी मी आवडीने वाचते, पण त्यांतली एकही मला कधी खरी वाटलेली नाही. शाळेत मी मुलांना विज्ञान शिकवते. आणि जे सांगणार आहे ते अंधारात घडलेलंही नाही... भर दुपारी, भाजे गावात, आमच्या ओसरीवर घडलं. साठ सालानंतर एक-दोन वर्षांनी असेल.

माझे वडील, म्हणजे आबा, मळवलीजवळच्या रेल्वे फाटकावर रात्रपाळीला असत. सकाळी यायचे, भाकरी खाऊन ओसरीतल्या सुंभाच्या बाजेवर आडवे व्हायचे, आणि मग साऱ्या आळीला कळायचं की आबा झोपले. शेजारच्या सगुणामावशी विचारायच्या, "शांते, तुजा बाप घोरतोय का खंडाळ्याचा घाट चढतोय गं?"

हसू यायचंच. पण घोरता घोरता आबांचा श्वास मधेच थांबायचा. छाती धडपडायची, हवा आत जायची नाही... ओठ काळसर पडायचे. उताणे झोपले की हमखास. मी खांदा धरून कुशीवर वळवलं की घशातून मोठा आवाज होऊन श्वास सुरू व्हायचा. डॉक्टर म्हणाले होते, "उताणं झोपू देऊ नका, जीभ मागे पडते."

उपाय केले. बाजेच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवल्या, तर आबा घसरून पायथ्याशी. बंडीच्या पाठीला कप्पा शिवून त्यात लाकडी भोवरा घातला – उताणं होताच टोचावा म्हणून. पहिल्याच दिवशी पाहते तर बंडी उलटी घातलेली आणि भोवरा पोटावर.

"पाठीला रुततंय गं," आबा म्हणाले.

आई मी लहान असतानाच गेलेली. घरात आम्ही दोघंच. त्यामुळे पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात जागा मिळाली तेव्हा मी ठरवून टाकलं – जायचं नाही.

"मी काय तान्हा हाय व्हय?" आबा चिडले.

"तान्ही मुलं श्वास घ्यायला विसरत नाहीत, आबा."

शेवटी पैज लागली. एका रविवारी मी त्यांना हात लावायचा नाही. आपण होऊन वळले तर मी पुण्याला जायचं. मला हात लावावा लागला तर तो विषय पुन्हा काढायचा नाही. साक्षीला सगुणामावशी, मांडीवर निवडायच्या तांदळाचं सूप घेऊन.

आबा झोपले, उताणे झाले, घाट चढू लागले. मग श्वास थांबला. वळतील, आता वळतील... नाही. मावशींचा हात सुपातच राहिला. मी उठले. पुणे संपलं, असं मनात आलं.

तेवढ्यात बाजेची कड खाली गेली.

कोणी टेकलं की सुंभ करकरतो आणि कड दबते, तशीच. आबा बाजेच्या मधोमध होते. दुसरं कोणीही नव्हतं. आबा भिंतीकडे सरकत कुशीवर वळले, घशातून तो मोठा आवाज झाला, आणि झोपेतच, अगदी स्पष्ट म्हणाले, "बसा की निवांत."

मला वाटलं मावशी किंचाळतील. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि हळूच विचारलं, "पावनं, चा टाकू का?"

मग आम्हाला जे हसू फुटलं ते आवरेना. मी भीत होते आणि हसत होते. थोड्या वेळाने ती कड हलकेच वर आली.

उठल्यावर आबांना सगळं सांगितलं. मावशी म्हणाल्या, "शांतेची आईच आसंल."

"छ्या! ती जागा मागून बसती व्हय? मलाच खाली ढकललं आसतं."

"मग कोन?"

"मला काय ठावं? कुनीतरी म्हनालं, 'आबा, वाईच सरका.' लय दमल्यागत आवाज. मग सरकाय नको?" आणि लगेच, "पैज मी जिकली. ट्रंक काढ."

मी गेले. पण पहिले कित्येक दिवस वर्गात माझं चित्त नव्हतं. सुट्टीत घरी आले की आधी मावशींना गाठायची. "येत्यात पावनं," त्या म्हणायच्या. "तू आब्यास कर." मीही बसून पाहिलं. बाज पुन्हा आवळून घेतली, जागा बदलली, पाय सारखे आहेत का ते तपासलं. श्वास थांबला की कड दबायचीच, आणि आबा सरकायचेच. एका डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, माणूस आपोआपही वळतो. मग कड कशाने दबते, म्हटलं, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पिशवी उचलून निघाले.

आबा गेल्या महिन्यात गेले. झोपेत नाही. टक्क जागे, उशीला टेकून, माझ्या वर्गात झालेली फजिती ऐकत होते. मोठ्याने हसले, आणि तेवढंच.

घर रिकामं वाटतं. तरी हे लिहिताना मी मधून मधून हसते आहे. बाजेवर कोण यायचं, इतकं कशाने दमलेलं असायचं, मला आजही सांगता येत नाही. पण त्या कोणीतरी आबांपाशी जागा मागितली, म्हणून मला माझी जागा घेता आली.