सोडाआत्याचं पाणी

आमची सोडाआत्या बोलायची ती ओरडूनच! साबणाचा घाणा चालू असो की देवळात कीर्तन रंगलेलं असो, तिचा आवाज कायम टिपेला. "अगो, खोबरेल आपल्या रत्नागिरीत मुबलक, मग साबण विलायतेचा कशाला?" असं म्हणत वडिलांच्या या विधवा बहिणीनं आमच्या मागच्या पडवीत स्वदेशी साबणाचा कारखाना थाटला. कॉस्टिक सोड्याशी दिवसभर झटापट, म्हणून गावानं तिला हे नाव दिलं. मी तिची भाची, मदतनीस आणि शिव्या खाणारी हक्काची!

पडवीत तिची पाण्याची दोन पिंपं सदैव काठोकाठ भरलेली. वैशाखात विहिरीनं तळ गाठला की शेजारणी कुरकुरायच्या. "पाणी सोड्याच्या शेजारीच राहणार! हवं तर माझ्या आंघोळीचं न्या," आत्या ठणकावायची, आणि खरंच देऊन टाकायची.

तिच्या डाव्या हातावर कोपरापर्यंत सुरकुतलेला डाग होता. पहिल्याच साबणाच्या वेळी सोडा उडाला आणि तेल नि सोडा मिळून साबणच होणार म्हणून तिनं वर खोबरेल ओतलं. "साबण नाही झाला गो, माझंच भरीत झालं," म्हणून ती खदाखदा हसायची.

माझी मास्तरीण होण्याची परीक्षा तोंडावर आली होती. पास झाले तर नोकरी, नाहीतर येईल त्या स्थळाला होकार, असं वडिलांनी बजावलेलं. आणि नेमकं तेव्हाच सोड्याचं भांडं हिंदकळून माझ्या उजव्या हातावर आलं. आई गं, काय ती आग! वड्या कापणारी सखूबाई तेलाची बुधली घेऊन धावली.

"तेल नको! लांब हो मेले!" आत्या कडाडली. तांब्यामागून तांब्या पाणी ओतता ओतताच तिनं माझ्या बांगड्या ओढून काढल्या. दोन पिचल्या.

"अगोबाई, कुमारिकेच्या बांगड्या, त्याही तुमच्या हातांनी?" सखूबाई कळवळली.

"सोडा बांगडीखाली दडून बसतो! कासार उद्या नव्या भरील, मनगट कोण भरून देणार?"

थोड्या वेळानं मी म्हटलं, "आत्या, बास. आग कमी झाली."

"तू कोण ठरवणार? मी पुरे म्हणेपर्यंत ओतायचं!" एक पिंप रिकामं झालं, दुसरं निम्म्यावर आलं, तरी ही बाई थांबेना. मग धुतलेलं फडकं सैल गुंडाळून मला डॉक्टरांकडे पिटाळलं.

हातावर नुसती लाली राहिली. पेपर मी त्याच हातानं लिहिले आणि पास झाले! आत्यानं आळीभर साबणाच्या वड्या वाटल्या, पेढे वाटावेत तशा.

काही वर्षांनी ती अंथरुणाला खिळली, तेव्हा शाळेतून रजा घेऊन मी आले. तिचं अन्न सुटलं होतं. मी चमच्याचमच्यानं पाणी पाजत होते, थांबायचं धैर्यच होत नव्हतं. तिनं डागाचा हात माझ्या मनगटावर ठेवला आणि जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात म्हणाली, "पुरे गो."