सरांचा आकडा आधी

पट्टी बोटांच्या पेरांवर बसली. स्टीलची, फूटभर लांब. सेमिनारला बसलेले सातही जण खाली बघायला लागले. मग सरांनी माझी वही उचलून माझ्या तोंडावर फेकली. पुठ्ठ्याचा कोपरा भुवईवर लागला आणि रक्त डोळ्यात उतरलं.

"बाप कारखान्यात घण मारतो आणि पोरगी मला स्थितिस्थापकता शिकवते!"

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. नाशिकच्या एका कॉलेजात मी ह्या सरांच्या हाताखाली पीएच.डी. करत होते. गॅलियम, इंडियम, आर्सेनिक यांची अर्धवाहक, म्हणजे सेमीकंडक्टर, मिश्रणं दाबली-ताणली तर किती विरोध करतील, हे कागदावर काढायचं. खोलीत धातूचा तुकडाही नव्हता. एक संगणक, वह्या, आणि सगळ्यांचे चहाचे कप विसळणारी मी. माझा कप खिडकीत, वेगळा. दोन वर्षं तो मी गुपचूप उचलला. त्याची आजही लाज वाटते.

तिथली रीत एकच. सरांचा आकडा आधी, गणित नंतर. त्यांनी छापलेल्या तक्त्याशी उत्तर जुळेपर्यंत खाडाखोड करायची. माझं तीन महिने जुळेना. स्वतःलाच मठ्ठ म्हणून घेतलं. मग दिसलं, त्यांच्या तक्त्यात दोन रकान्यांची अदलाबदल झाली होती. ते आकडे धरले तर स्फटिक उभाच राहत नाही. जरा आडवा रेटा बसला की कोसळतो. माझ्या आधीच्या तिघा विद्यार्थ्यांनी तेच उतरवून पदव्या घेतल्या होत्या. मी हे सेमिनारात बोलले. एवढाच गुन्हा.

"कोट्यातून आलेल्यांनी आकडे उतरवायचे. तपासायचे नाहीत."

पट्टी परत वर गेली. ह्या वेळी मी ती हवेतच धरली. त्यांनी हिसडा दिला, धार तळव्यात घुसली. मी सोडली नाही. ओढून घेतली, फेकून दिली आणि फळ्याकडे गेले. खडू रक्ताने भिजला, उमटेना. दुसरा घेतला. सगळं गणित मांडलं.

संध्याकाळी सरांचा निरोप आला. लेखी माफी दे, नाहीतर पीएच.डी.तून नाव काढतो.

माझे वडील, आबा, सातपूरच्या फोर्जिंग कारखान्यातून पाळी संपवून घरी आले. माझ्या हाताला बांधलेली चिंधी बघितली. सगळं ऐकून घेतलं.

"गणित बरोबर हाय ना तुझं?"

"हाय."

"मंग माफी कशाची?"

दुसऱ्या दिवशी माफीच्या कागदावर मी दोन्ही रकाने सरळ करून लिहिले. खाली सही केली. कागद सरांच्या टेबलावर ठेवला आणि खिडकीतला माझा कप त्यांच्या डोळ्यांदेखत भिंतीवर फोडला.

नाव काढलं त्यांनी. दुसरा गाईड मिळेपर्यंत चार वर्षं गेली. तो तक्ता अजून तसाच छापला जातो. जिथे दिसेल तिथे मी तो खोडणार. आणि पुन्हा कुणी मारायला उठला, तर पट्टी नाही, त्याचा हातच धरणार.